मुलांनी लिहिलेला जावास्क्रिप्ट कोड साइटवर सुरक्षितपणे कसा साठवायचा आणि दाखवायचा?

तुमच्या नाशिकच्या कोडिंग क्लासच्या साइटवर मुलं जावास्क्रिप्टचा कोड पेस्ट करणार, तो मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवून इतरांना जसाच्या तसा वाचायला मिळायला हवा. मग सेव्ह करण्याआधी पीएचपीच्या स्ट्रिप टॅग्जमधून, म्हणजे मजकुरातले एचटीएमएल टॅग काढून टाकणाऱ्या फंक्शनमधून, साफ करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून असं करू नका. मी केलं होतं, आणि त्याचा त्रास मुलांना झाला.

मी कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये शिकवते. तिथे एका मुलीने साधा फॉर लूप पाठवला होता. आय शून्यापासून सुरू, आणि अट अशी की आय हा एनपेक्षा लहान. तिने ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आणि एन यांच्यामध्ये जागा सोडली नव्हती. स्ट्रिप टॅग्जला वाटलं की इथे टॅग सुरू झाला. बंद करणारं चिन्ह पुढे कुठेच नव्हतं, म्हणून त्याने तिथपासून शेवटपर्यंतचा सगळा कोड उडवला. जागा सोडणाऱ्या मुलांचा कोड शाबूत राहायचा, त्यामुळे चूक आमची आहे हे कळायलाच दोन दिवस गेले. तोवर ती बिचारी आपलंच चुकतंय असं समजून पुन्हा पुन्हा टाइप करत राहिली. मूळ मजकूर डेटाबेसमध्ये गेलेलाच नव्हता, म्हणून परत मिळवताही आला नाही.

म्हणून साठवताना मजकुराला हात लावायचा नाही. आपल्याकडे चाळीत कांदा भरताना कोणी गोण्या शिवत बसत नाही. माल कुठे जायचा ते ठरलं की मगच गोण्या भरतात. इथेही तसंच. साठवताना काळजी फक्त एसक्यूएल इंजेक्शनची घ्यायची, म्हणजे पेस्ट केलेला मजकूर डेटाबेसने आज्ञा समजून चालवू नये याची. त्यासाठी पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस जोडणीतलं प्रिपेअर्ड स्टेटमेंट पुरतं, त्यात आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवले जातात. टेबलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणी इमोजी टाकला की सेव्हच होणार नाही. टेक्स्ट प्रकारच्या कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, तेव्हा लांबीची मर्यादा फॉर्मवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे तपासा.

खरं काम आहे दाखवताना, कारण पेस्ट केलेला कोड वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये नुसता दिसायला हवा, चालायला नको. पानाच्या मजकुरात छापायचं असेल तर एचटीएमएल स्पेशल कॅर्स हे पीएचपीचं फंक्शन वापरा (ते ‘पेक्षा लहान’सारखी चिन्हं नुसती दिसतील अशा रूपात बदलतं, यालाच एस्केप करणं म्हणतात) आणि तो मजकूर प्री टॅगच्या आत ठेवा, म्हणजे इंडेंटेशनही टिकेल. पीएचपी ८.१ च्या आधीच्या आवृत्तीत हे फंक्शन एकेरी अवतरणचिन्ह आपणहून बदलत नाही. तिथे ईएनटी कोट्स हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. तोच मजकूर स्क्रिप्टच्या आत व्हेरिएबल म्हणून हवा असेल तर हे फंक्शन उपयोगाचं नाही. तिथे पीएचपीचंच जेसन एन्कोड हे फंक्शन, सोबत जेसन हेक्स टॅग हा पर्याय. मुलांनी दिलेली लिंक असेल तर एचटीटीपी आणि एचटीटीपीएस एवढंच चालू द्या, कारण ‘जावास्क्रिप्ट’ने सुरू होणारी लिंकही क्लिक केल्यावर कोड चालवते.

ब्राउझरच्या बाजूला जावास्क्रिप्टने मजकूर पानात घालताना इनरएचटीएमएल नको, ते मजकुरातले टॅग खरे मानतं. टेक्स्टकंटेंट वापरा, ते सगळं साधा मजकूर म्हणून दाखवतं. इथे खूप जण फसतात. इनरएचटीएमएलमधून घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, त्यामुळे अलर्ट टाकून पाहिलं, काही उघडलं नाही, म्हणजे साइट सुरक्षित, असं वाटतं. पण चुकीचा पत्ता दिलेला इमेज टॅग आणि त्यावर ऑनएरर (चित्र उघडलं नाही तर चालणारा कोड) लावून बघा, कोड लगेच चालतो.

‘धोकादायक’ शब्द शोधून काढायच्या नादाला लागू नका. २००५ साली मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटवर ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला जायचा. सॅमी कामकर नावाच्या प्रोग्रामरने तो मधे तोडून दोन ओळींत लिहिला, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलवर त्याचा कोड पसरला.

पुढेमागे मुलांचा कोड पानावर चालवूनही दाखवायचा असेल, तर सँडबॉक्स लावलेल्या आयफ्रेममध्येच, म्हणजे पानातल्या बाकीच्या भागापासून तोडलेल्या चौकटीतच, चालवा. त्यात अलाऊ स्क्रिप्ट्स (कोड चालू देणं) द्या, पण त्याच्या जोडीला अलाऊ सेम ओरिजिन (आतला कोड तुमच्याच साइटचा मानणं) देऊ नका. दोन्ही दिले तर आतला कोड स्वतःचा सँडबॉक्सच काढून टाकू शकतो. लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनची कुकी एचटीटीपी ओन्ली ठेवा, म्हणजे जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही, आणि कुठला कोड चालू द्यायचा हे ब्राउझरला सांगणारी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीही लावा, पण हे दुसरं कुलूप आहे. पहिलं, म्हणजे दाखवताना एस्केप करणं, लावलेलं असलं पाहिजे.

मुलांना साइट देण्याआधी एवढं करा. जागा न सोडलेला फॉर लूप, ऑनएररवाला इमेज टॅग, दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हं आणि एक मराठी कॉमेंट असा मजकूर स्वतः टाका. मग एडिट उघडून काहीही न बदलता सेव्ह करा, तीन वेळा. ‘पेक्षा लहान’च्या चिन्हाच्या जागी अँपरसँड आणि एलटी दिसायला लागलं, तर कुठेतरी साठवतानाच एस्केप होतंय, ती ओळ शोधून काढून टाका.