इस्त्री कुठून आली?

प्रश्न : अमेरिकेतला आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकार विली कोल लोकांनी टाकून दिलेल्या इस्त्र्या, सायकली, चपला घेऊन शिल्पं करतो. अशा ‘फाउंड ऑब्जेक्ट’ला मराठीत काय म्हणावं? ‘टाकाऊतून टिकाऊ’ चालेल?

अजिबात नाही. हे ऐकलं की मला शाळेतला कार्यानुभवाचा तास आणि करवंटीचं कासव आठवतं. ‘सापडलेली वस्तू’ म्हणा नि मोकळे व्हा.

खरी गंमत इस्त्रीत आहे. कोल १९५५ चा, न्यू जर्सीतला. आजी-पणजी लोकांकडे घरकामाला. बिघडलेल्या इस्त्र्या दुरुस्तीला याच्याकडे. पुढे एकदा रस्त्यात गाडीखाली चेपलेली इस्त्री दिसली आणि त्याला तिच्यात आफ्रिकी मुखवटा दिसला. मग तापली इस्त्री कॅनव्हासवर टेकवून तो डाग उठवू लागला. वाफेच्या भोकांची नक्षीसुद्धा त्यात उमटते.

इथे कुणीतरी हमखास ‘इस्त्री म्हणजे स्त्रीच की!’ अशी कोटी करतं. कृपा करून आवरा. इस्त्री आली पोर्तुगीज ‘एस्तिरार’वरून, म्हणजे ताणणे. संस्कृतप्रेमी मंडळी ‘स्तृ’ (पसरणे) धातू पुढे करतात आणि विचारतात, पोर्तुगीज तर इस्त्रीला ‘फेरू’, म्हणजे लोखंड म्हणतात, त्याचं काय? अहो, परटाला साहेबाचा शब्दकोश कशाला हवा? त्याच्या कानावर पडायचा तो हुकूम : ताण! तोच त्याने वस्तूला चिकटवला. हा माझा तर्क, कागदोपत्री पुरावा नाही. पण ‘पगार’ बघा. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे, चक्क क्रियापद. आपण त्याचं नाम केलं आणि एक तारखेची वाट बघत बसलो. ‘स्तृ’वाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

कोलचं १९९७ चं ‘स्टोएज’ (म्हणजे जहाजात माल रचणं) बघा. लाकडी ठशाचं भलंमोठं चित्र. मधोमध इस्त्रीच्या बोर्डाचा ठसा, भोवती इस्त्र्यांचे तळ. जरा मागे सरकून पाहिलं की बोर्डाचं जहाज होतं, गुलामांनी खच्चून भरलेलं. गुलाम कसे रचून कोंबायचे ते दाखवणाऱ्या ज्या प्रसिद्ध आराखड्याची त्यात आठवण आहे, तो ‘ब्रुक्स’ या ब्रिटिश जहाजाचा, हे मान्य. पण अटलांटिकपार सर्वाधिक गुलाम वाहिले ते पोर्तुगीज आणि ब्राझीलच्या जहाजांनी. त्याच पोर्तुगालची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली आणि इस्त्री, पगार, चावी उतरवून गेली. हो, आणि तुरुंगही.