वडिलांच्या मणक्यातली गादी झिजली आहे, स्टेम सेलचं इंजेक्शन द्यावं का?

वडिलांच्या कमरेच्या एल-४ एल-५ मणक्यांमध्ये गॅप आहे आणि दवाखान्याने स्टेम सेलचे, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचे, तीन लाख सांगितले, असं तुम्ही लिहिलंत. देऊ नका.

माझी गादी २०१९ च्या सोयाबीनमध्ये गेली. कट्टा उचलला आणि थ्रेशरजवळच खाली बसलो. साळ्याने शहरातला एक दवाखाना शोधला. "भाऊजी, गादी नवी उगवते म्हणते थो डॉक्टर." बैलजोडी विकली. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून लालभडक मगज ओढला, मशीनमध्ये गरगर फिरवला आणि त्याच दुपारी मणक्यात टोचला. पावतीवर नुसतं 'प्रोसिजर'. स्टेम सेल हा शब्दच नाही!

नंतर सेवाग्रामच्या दवाखान्यात कळलं, त्या मगजात लाख पेशींमागे जेमतेम एक ते दहा कामाच्या, म्हणजे स्टेम सेल. त्यातही गादीला रक्तवाहिनी नसते, वरच्या-खालच्या हाडातून झिरपेल तेवढंच पोषण. म्हणजे धूळपेरणी, आणि पाऊस येणारच नाही. म्हणून संशोधक पेशी जेलमध्ये घालून सोडतात. मेसोब्लास्ट कंपनीने ४०४ जणांवर चाचणी घेतली, २०२१ मध्ये निकाल आला, मुख्य उद्दिष्ट हुकलं. हायलुरोनिक ॲसिडसोबत (हाच तो जेल) पेशी दिलेल्यांचं दुखणं मात्र कमी झालेलं दिसलं. म्हणजे सगळंच थोतांड नाही, पण बैल विकण्याइतकं पक्कंही नाही.

आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांत गादीसाठी हा मान्य उपचार नाही, फक्त नोंदणीकृत चाचणीत करता येतो. आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. दवाखान्याला सीटीआरआय नंबर, म्हणजे चाचणीच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा, चेहरा पाहा.

माझी पाठ आज बरी आहे, हे लपवत नाही. साळा म्हणतो, स्टेम सेलनेच. मी म्हणतो, सहा महिने कट्ट्याला आणि फवारणीच्या पंपाला हात लावला नाही, रोज व्यायाम केला, म्हणून. पुष्कळांचं एवढ्यानेच निभतं. हो, मी डॉक्टर नाही, कास्तकार आहे. वडिलांचा पाय लुळा पडत असेल किंवा लघवी-संडासचा ताबा जात असेल तर माझं ऐकत बसू नका, त्याच दिवशी सर्जन गाठा.

दोन वर्षांनी परत एमआरआय काढला. दोन्ही फिल्मा खिडकीच्या उजेडात धरून साळ्याला दाखवल्या, गॅप होता तसाच. तो म्हणे, "मशीन जुनी असन."