प्रार्थनेची विनंती आणि गावभर झालेली गोष्ट

“चर्चच्या मंडळीत खरं बोलावं तर गावभर होतं, गप्प बसावं तर ढोंगी वाटतं. करावं काय?” हा प्रश्न वरचेवर येतो. त्यातलीच एक केस, ओळख लागू नये इतके तपशील बदलून.

गुरुवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या, तेव्हा एका बाईला रडू फुटलं आणि नवऱ्याच्या दारूचं सगळंच ती बोलून गेली. पंधरा माणसं बसलेली. शनिवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं: “आपल्या एका बहिणीच्या घरी व्यसन आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.” नाव नव्हतं, पण कळायचं कुणाला राहिलं होतं? रविवारी उपासनेनंतर एकाने थेट नवऱ्यालाच म्हटलं, “भाऊ, तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे.” त्यानं चर्च सोडलं, मग तिनंही.

तिनं आधी कागदावर दोन रकाने केले. झोप उडालीय, पैसे पुरत नाहीत, मुलांवर चिडते, हे तिचं. तो किती पितो, कुठे पडला, कामावर काय झालं, हे त्याचं. ते त्याला विचारल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. अपवाद मारहाणीचा. तिथे परवानगी कसली? 112 (तातडीची मदत) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावायचा, आणि “सोसून घे, प्रार्थना कर” म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

मग सांगायचं कुणाला? अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूसोबत अकरा शिष्य होते. “माझा जीव अति खिन्न झाला आहे” हे तो बोलला ते त्यातल्या तिघांपाशी. (तेही झोपले, ती गोष्ट वेगळी.) करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं पत्रात आपल्या अंगातला काटा, म्हणजे सततचा त्रास, सांगितला, तो काटा कसला ते नाही. बैठकीत तेवढंच पुरतं: “घरात अडचण आहे, मला धीर हवा.”

बाकीचं एकाच बाईपाशी. तिला पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, सुचल्या, पण त्यांना स्वतःच्या नवऱ्यापासून लपवायला लावणं बरं नव्हे. दुसरी निवडली. आधी एक किरकोळ गोष्ट सांगून दोन आठवडे थांबायचं. फिरून कानावर आली तर माणूस बदलायचा. जी दुसऱ्यांचं आपल्यापाशी आणते, ती आपलंही नेणारच. सुरुवातीलाच बजावायचं: “सल्ला नको, अर्धा तास ऐका. आणि हे मोठ्याने प्रार्थनेत घेऊ नका.” हे शेवटचं लोक विसरतात, आणि बऱ्याच गोष्टी फुटतात त्या प्रार्थनेतच.

मेसेज टाकणाऱ्या ताईंकडे ती एकटी गेली, मत्तय 18:15 प्रमाणे: भावाचं चुकलं तर एकांतात त्यालाच सांग. “काळजीपोटी टाकलंत, पण मला विचारायला हवं होतं.” ताई फुगल्या, एक वचन ऐकवलं, पुढच्या आठवड्यात स्वतः फोन केला.

नवऱ्याला सांगणं जास्त जड गेलं. “चारचौघांत तुमचं बोलले, चुकलं माझं.” तो काहीच बोलला नाही. ती आता दारुड्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-ॲनॉनच्या बैठकीला जाते. तो अजून पितो, चर्चमध्ये येत नाही. ती मात्र पुन्हा जाऊ लागली आहे, आणि रविवारी तो तिला गाडीवर चर्चच्या गेटपर्यंत सोडतो आणि उपासना सुटायच्या आधी पाच मिनिटं येऊन थांबतो.