गावचं सांडपाणी आणि कापूस: पावडरी बंद करा, आधी पाणी तपासा

प्रश्न (जालना जिल्हा): गावचं सांडपाणी नाल्याने शेताला लागून येतं. दोन वर्षं मोटर लावून कापसाला देतोय. कापूस नुसता पाल्यावर जातो, बोंडं कमी. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो. दुकानदाराने पाण्यासाठी कल्चर, वासासाठी ब्लिचिंग पावडर आणि वरून युरिया दिलाय. किती टाकू?

उत्तर: यातलं काहीच टाकू नका. कल्चर म्हणजे जिवंत जंतू आणि ब्लिचिंग जंतू मारतं. दोन्ही एकाच पाण्यात टाकायला सांगणारा पाकिटं खपवतोय. सांडपाण्यात नत्र असतंच. त्यावर युरिया दिला की पाला माजतो, मावा-तुडतुडे येतात, पात्या (फुलांच्या कळ्या) गळतात. युरिया आजच थांबवा.

पांढरा थर क्षारांचा आहे. कपड्याच्या पावडरीतला सोडियम काळ्या जमिनीत साचला की पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. पाण्याच्या तपासणीत ईसी (एकूण क्षारांचं माप) 2.25 डेसिसायमन/मीटर किंवा आरएससी (उरणाऱ्या सोडियम कार्बोनेटचं माप) 2.5 मिलीइक्विव्हॅलंट/लिटरच्या वर निघाला तर हे पाणी शेतात घेऊच नका. सोडियम हटवायला जिप्सम देतात, पण ते माती परीक्षणात येईल तेवढंच, तेही पावसाच्या तोंडावर, निचऱ्याचे चर काढून. भर उन्हाळ्यात उभ्या पिकात फेकलेलं जिप्सम मी कित्येक शेतांत तसंच पडलेलं पाहिलंय. दुकानदार 'दोन पोती जास्त टाका' म्हणेल, ऐकू नका.

खरं काम गावाने मिळून करायचं आहे. माणशी 55 लिटर धरलं तर 2,000 वस्तीला रोज 1,10,000 लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बहुतेक गटारात येतं. ते पाकिटाने साफ होत नाही. त्याला क्रमाने जाळी, गाळटाकी, मग खडीत लावलेली कर्दळ हवी. पाणी खडीच्या आतून वाहावं, वर दिसलं की डास झालेच. सेप्टिक टँकची नळी गटारात सोडली असेल तर ती आधी तोडा. नांदेडकडे हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे केले, ते बघून या. पण खोल काळ्या मातीत खड्डा तुंबतो, मुरूम लागेल तिथेच घ्या आणि विहिरीपासून लांब.

पाणी तपासणीत बसलं तर माझं ऐका, कापूस सोडून नेपियर (चाऱ्याचं गवत) लावा. 90 × 60 सेंटीमीटरवर ठोंबं, पहिली कापणी अडीच महिन्यांत, पुढे दीड-दोन महिन्यांनी. कापणीआधी दोन आठवडे हे पाणी बंद. यालाही वरून युरिया नको, चाऱ्यात नायट्रेट साचलं तर जनावर दगावतं. कोथिंबीर, मेथी, काकडीला हे पाणी अजिबात नको. तुषार संचही नको. पाणी देताना गमबूट घाला.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये 5,000 लोकसंख्येपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची तरतूद ठेवली होती, आता काय लागू आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) कळेल.

नमुना असा घ्या: प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, वाहत्या धारेतून भरा, त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात द्या. दुकानात देऊ नका.