समीक्षकाला तत्त्वज्ञान कशासाठी हवे?

कवितेचा किंवा कथेचा आस्वाद घेऊन तिच्यावर लिहिण्यासाठी तत्त्वज्ञान शिकणे खरोखर आवश्यक आहे का, आणि असल्यास सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी साहित्य शिकवत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. आस्वादासाठी तत्त्वज्ञान लागत नाही. मूल्यमापनात मात्र ते टाळता येत नाही, कारण ‘ही कविता चांगली आहे’ असे म्हणताक्षणी कविता म्हणजे काय आणि तिचे चांगलेपण कशावर ठरते, याविषयी आपण काहीतरी गृहीत धरलेले असते. ते गृहीतक उघड्यावर आणून तपासणे हे समीक्षेपुरते तत्त्वज्ञानाचे काम आहे, असे मी मानतो.

आमच्या सीमाभागात याची गरज फार लवकर जाणवते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांना ग्रामस्थ आस्थेने येतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथल्या मराठी माणसासाठी मराठीत लिहिणे हीच एक मोलाची कृती झाली आहे, आणि त्या कृतीविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ‘ही कविता आपल्या भाषेची वेदना मांडते, म्हणून ती श्रेष्ठ’ असे परीक्षणात लिहिले जाते, तेव्हा लिहिण्याच्या कृतीचे मोल आणि लिहिल्या गेलेल्या कवितेचे मोल यांची गल्लत झालेली असते. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव असल्याचे दाखवले आहे. एका ध्रुवाकडून पाहिले, तर कलाकृती स्वायत्त असते आणि तिचे नियम तिच्यापुरते असतात. दुसऱ्या ध्रुवाकडून पाहिले, तर ती लौकिक जीवनातील ज्ञान, नीती आणि भावना यांच्याशी बांधलेली असते. सीमाभागातील कवितेवर लिहिताना मी यांपैकी कोणत्या ध्रुवाकडून बोलत आहे, हे स्वतःला विचारले नाही, तर माझी स्तुती कवीच्या काहीही उपयोगाची नसते. त्याची शब्दकळा उसनी आहे की स्वतःची, हे त्याला कोणी सांगतच नाही.

तत्त्वज्ञ स्वतः साहित्य वाचू लागतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरणही याच परिसरातले आहे. जमखंडीत 1886 मध्ये जन्मलेले आणि पुढे निंबाळला स्थायिक झालेले गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावर, म्हणजे ईश्वराच्या थेट अनुभवावर, 1933 मध्ये इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. बेळगावात त्यांच्या परंपरेतील तौलनिक तत्त्वज्ञानाची अकादमी आजही आहे. रानड्यांनी ज्ञानेश्वरांचा गूढवाद बौद्धिक, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मपर मानला. तुकोबांचे निराशेचे अभंग त्यांनी साधकाच्या आत्म्याची काळरात्र, म्हणजे ईश्वरभेटीआधीची घोर निराशा, म्हणून वाचले, आणि त्यामुळे त्या अभंगांतील तळमळ हा केवळ काव्यसंकेत न राहता तिचा सत्य अनुभव म्हणून विचार करावा लागला. हा लाभ मोठा आहे. पण साऱ्या गाथेकडे साधनेच्या पायऱ्या म्हणून पाहिले की कुणब्याची भाषा, दांभिकावरचा संताप आणि कीर्तनात समोर बसलेल्या श्रोत्याला उद्देशून आलेला शब्द या गोष्टी मागे पडतात. माझा आक्षेप असलाच तर एवढाच आहे की तिथे अभंग साक्षीदार म्हणून बोलावला जातो, आणि साक्षीदाराला जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो.

याच्या उलट दोषही तितकाच आढळतो. तत्त्वज्ञानातली संज्ञा उचलायची आणि तपासल्याशिवाय लेखकाला चिकटवायची. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म 1923 मध्ये याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. त्यांच्यावरील विद्यार्थ्यांच्या जवळपास प्रत्येक निबंधात ‘जीए नियतिवादी आहेत’ हे वाक्य येते. कोणत्या अर्थाने, असे विचारले की वर्ग गप्प होतो. घटना आधीच ठरलेली आहे आणि माणसाने काहीही केले तरी ती टळत नाही, हा एक विचार झाला. प्रत्येक घटना आधीच्या कारणांतून अटळपणे निपजते आणि माणसाची कृतीही त्याच कारणांपैकी एक असते, हा दुसरा. विश्वाला माणसाच्या सुखदुःखाची दखलच नाही, सारे योगायोगाने घडते, हा तिसरा. पहिल्यात प्रयत्न व्यर्थ ठरतो, दुसऱ्यात तो साखळीतला दुवा असतो, तिसऱ्यात त्याच्या फळाची शाश्वती नसते. हा भेद मनात ठेवून ‘स्वामी’ ही कथा वाचावी. मठात नेऊन कोंडलेल्या माणसाला सुटका नाही, हे पहिल्या विचाराशी जुळते. मात्र त्या काळोखात तो जी वेल जपतो तिचा अर्थ त्या विचारात बसत नाही. सुटकेची आशा संपल्यावरही जपण्याजोगे काही उरते का, असा प्रश्न ती वेल उभा करते, आणि त्याचे उत्तर वरील तिन्ही विचारांत तयार मिळत नाही. इथे कथेनेच तत्त्वज्ञानाला अडवलेले असते. समीक्षकाने नेमके अशा जागी थांबून लिहावे, असे मला कळकळीने वाटते.

परंपरेत हे नाते इतके तुटलेले नव्हते. अभिनवगुप्त हे काश्मिरी शैव तत्त्वज्ञ आणि नाट्यशास्त्राचे भाष्यकार, दोन्ही होते. रसास्वादात प्रेक्षकाची ‘माझे-परक्याचे’ ही जाणीव कशी मावळते, याविषयीचे त्यांचे विवेचन त्यांच्या दर्शनापासून तोडले तर अर्धेच समजते. आमच्या परीक्षांत मात्र ‘या ओळींतील रस ओळखा’ एवढेच उरले.

आता सुरुवातीविषयी. ग्रंथ हाती घेण्यापूर्वी आपल्याला आवडलेल्या एका कवितेवर दोन पाने लिहावीत आणि त्यात वापरलेले प्रत्येक विशेषण अधोरेखित करून ‘हे मी कशाच्या आधारे म्हणतो?’ असे समासात लिहावे. जिथे उत्तर सुचणार नाही तिथे आपला तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू होतो. त्यानंतर मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ वाचावे. लयीच्या आधारे साहित्याचे सौंदर्य सांगण्याचा त्यांचा आग्रह पटला नाही तरी, एक सिद्धांत शेवटपर्यंत नेणे म्हणजे काय हे तिथे दिसते. पाटणकर त्याच्यानंतर घ्यावेत, आणि त्यांतील जर्मन तत्त्वज्ञ कांटविषयीचे विवेचन पहिल्या वाचनात जड गेले तर ते बाजूला ठेवून पुढे जावे. आपण सीमाभागातले असाल आणि कन्नड वाचता येत असेल, तर बसवण्णांची वचने आणि तुकोबांचे अभंग शेजारी ठेवून हाच प्रयोग पुन्हा करावा. एका भाषेत सहज लागू पडणारे विशेषण दुसरीत अडते, आणि ते का अडते हे शोधण्यात माझे कित्येक तास चांगले गेले आहेत.