वजन उतरवायचं नाही, थांबवायचं

“डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून डाएटचा कागद दिला. आठ दिवस टिकला. सासूबाई म्हणतात, वाढीचं वय आहे, उंची वाढली की आपोआप सुकेल. कुणाचं ऐकू?” चौथीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. वय ९, उंची १३८ सेंमी, वजन ४४ किलो.

आजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. या वयात उंची वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढते. मुलगा १४४ सेंमीचा होईपर्यंत वजन ४४ वरच राहिलं, तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ वरून २१ वर येतो. पण त्याच काळात वजनही सहा किलोंनी वाढलं, तर तो २४ होतो. नुसत्या उंचीवर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून पहिलं उद्दिष्ट वजन उतरवण्याचं नको, ते थांबवण्याचं ठेवा. कागदावरचं डाएट बहुतेक याच ठिकाणी फसतं: महिन्यात किलो उतरला नाही की घर नाउमेद होतं आणि पुढच्या भेटीला कुणी येतच नाही.

मग हे आधी कुणाच्या लक्षात का येत नाही? पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला की राष्ट्रीय वेळापत्रकातली पुढची लस थेट दहाव्या वर्षी. मधल्या काळात मूल दवाखान्यात जातं ते ताप-खोकल्यासाठी. औषधाच्या डोससाठी वजन होतं, उंची राहून जाते, आणि उंचीशिवाय वजनाचा आकडा काहीच सांगत नाही. बाहेर रांग असते, डॉक्टरांनाही हा विषय काढायला अवघड वाटतं. त्यामुळे या एका कामासाठी वेगळी वेळ मागून घ्या. चपला काढून, टाचा आणि डोकं भिंतीला टेकवून उंची मोजायला सांगा आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर नोंद करून घ्या. लहान मुलांच्या पट्ट्याने रक्तदाबही बघायला सांगा. मानेवरचा काळेपणा घासून जात नसेल तर तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

या घरात एक दिवस सगळं खाणं लिहून काढलं. जेवण फारसं जास्त नव्हतंच. दोन वेळच्या दुधात चॉकलेट पावडर आणि वर दोन-दोन चमचे साखर. डबा दुपारी बाराला संपायचा, पाचला क्लास. तोवर भूक खवळलेली, म्हणून वाटेत वडापाव आणि चिप्सचं पाकीट. रात्रीचं जेवण साडेनऊला, समोर मोबाईल.

बदल एकेक करून करायचे. पहिले दोन आठवडे फक्त दूध: पावडर बंद, साखर दोन चमच्यांवरून एक, मग अर्धा. नंतर साडेचारला घरीच पोळी-उसळ किंवा भाकरी-भाजी. पोट भरलेलं असलं की वडापाव मागे पडतो. नुसत्या “नाही”ने तो सुटत नाही. मग जेवण आठला, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दुसरी पोळी मागितली तर द्या, पण ताटातली भाजी-कोशिंबीर आधी संपू दे. रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. मैदान नसेल तर दोरीच्या उड्या, सायकल, जिने, आणि ते तुकड्या-तुकड्याने झालं तरी चालतं.

नियम घरातल्या सगळ्यांना एकच. पाकिटं घरात आलीच नाहीत तर एकट्या मुलाला अडवावं लागत नाही. आजींना मात्र शत्रू करू नका. त्यांचा हात देता राहायला हवा, म्हणून साडेचारचं खाणं त्यांच्याकडे सोपवा: मूठभर फुटाणे, उकडलेलं कणीस, ताक. “जाड्या” ही हाक आजपासून बंद, लाडानेसुद्धा नको. टोमणे खाणारी मुलं चोरून खायला लागतात. वजन महिन्यातून एकदाच, इतरांसमोर नाही.

“थायरॉईड असेल का?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. उंची वयाप्रमाणे नीट वाढत असेल तर शक्यता कमी. पण उंची खुंटली असेल, झोपेत घोरताना श्वास अडखळत असेल, फार तहान लागून सारखी लघवी होत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना गाठा.