वाचक विचारतात : लेकीचे बाळंतपण नेदरलँड्समध्ये

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील. माझी मुलगी जावयांबरोबर नेदरलँड्समधील आइंडहोव्हन शहरात राहते. तिला पाचवा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. मुलीला मात्र तिथेच राहायचे आहे. आजवर तिला एकाही स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासलेले नाही, सगळे एक मिडवाइफ पाहते आणि हवे असल्यास घरीही बाळंत होता येईल असे तिने सुचवले, हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. बेळगावात इतके दवाखाने असताना लेकीला सुईणीच्या हाती का द्यावे? आणि मी तिकडे जायचे ठरवले तर केव्हा जावे?
– एक आई, खानापूर

उत्तर : आपल्या डोळ्यांसमोर जी सुईण उभी राहते, तिच्याशी नेदरलँड्समधील मिडवाइफचा संबंध नाही. ती चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेली, सरकारी नोंदणी असलेली व्यावसायिक असते आणि निरोगी गर्भवतीची तपासणी, बाळंतपण व नंतरची देखभाल ही तिथे तिचीच जबाबदारी मानली जाते. रक्तदाब वाढला, बाळ पायाळू असले किंवा पूर्वी सिझर झालेले असले, की ती स्वतःच रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठवते. घरी बाळंत होणे हा पर्याय आहे, सक्ती नव्हे. शंभरात पंधराच्या आसपास बाळंतपणे आजही तिथे घरी होतात. पण पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात हलवावे लागण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून आपल्या मुलीने आधीपासून रुग्णालय निवडले तर ते मला समंजसपणाचे वाटेल. वैद्यकीय कारण नसताना रुग्णालय निवडल्यास खर्चाचा काही वाटा स्वतः भरावा लागतो, तो विमा कंपनीला विचारून ठेवावा. कळा सुसह्य करणारे पाठीतील इंजेक्शनही रुग्णालयातच मिळते.

एक तपासणी मात्र मुलीने स्वतःहून विचारावी. दक्षिण आशियाई स्त्रियांना गर्भारपणात मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखर पिऊन करायची रक्तचाचणी व्हायला हवी.

बाळंतपण सुरळीत झाले तर काही तासांतच रुग्णालयातून घरी पाठवतात, हे ऐकून आपल्याला पुन्हा धास्ती वाटेल. परंतु त्यानंतर जे मिळते ते आपल्याकडे पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. क्रामझोर्ग नावाच्या व्यवस्थेतून एक प्रशिक्षित परिचारिका साधारण आठ दिवस रोज काही तास घरी येते. ती बाळंतिणीचे टाके पाहते, बाळाचे वजन आणि ताप वहीत नोंदवते, अंगावर पाजायला शिकवते, न्हाणीघर स्वच्छ करते आणि बाळंतिणीला खायलाही करून देते. तिला वाकून काम करावे लागू नये म्हणून पलंग गादीसकट ८० सेंटिमीटर उंच असावा असा नियम आहे, आणि त्यासाठी लोक पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावतात. ही सेवा मूलभूत आरोग्यविम्यात येते, ताशी थोडी रक्कम तेवढी आपण द्यायची असते. मात्र परिचारिका अपुऱ्या असल्याने नाव लवकर नोंदवावे लागते. पाचव्या महिन्यापर्यंत नोंदवले नसेल, तर या आठवड्यात नोंदवावे.

यावरूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या अल्पमुदतीच्या सामाईक व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पहिल्या आठवड्यात परिचारिका असते आणि जावयांना एक आठवडा पूर्ण पगारी रजा असते, शिवाय पहिल्या सहा महिन्यांत घेता येईल अशी ७० टक्के वेतनाची आणखी पाच आठवड्यांची रजा असते. म्हणून महिनाभर आधी जाऊन दिवस खर्चू नयेत. तारखेच्या सुमारास पोहोचावे, कारण परिचारिका गेल्यानंतरच आपली खरी गरज भासेल. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. तो घेताना रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास लपवू नये.

माहेरी आणण्यास माझा तत्त्वतः विरोध नाही. पण विमान कंपन्या साधारण ३६ आठवड्यांनंतर गर्भवतीला घेत नाहीत, त्याआधीही डॉक्टरांचा दाखला मागतात. आणि बाळ इकडे जन्मले तर त्याचा पासपोर्ट व नेदरलँड्सचा निवासपरवाना होईपर्यंत मायलेकरांना परत जाता येत नाही. मुलीची बाळंतपणाची रजा १६ आठवड्यांची असते आणि ती अशा धावपळीतच संपून जाते. वडीलधाऱ्यांना सांगायला एवढे कारण पुरेसे आहे.

जाताजाता आणखी एक. मुलगा की मुलगी हे तिथे सोनोग्राफीत विचारल्यास सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे, तो कायदा का करावा लागला हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा इथून फोनवर ती चौकशी कोणी करू नये.

प्रश्न : मी मूळचा निपाणीचा, सध्या रॉटरडॅममध्ये नोकरीस आहे. पत्नीला सातवा महिना आहे. बाळाचे नाव आम्ही बाराव्या दिवशी बारशाला ठेवणार आहोत. जन्मनोंदणी आणि नागरिकत्वाबद्दल कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?
– एक वाचक

उत्तर : बारसे अवश्य बाराव्या दिवशी करावे, पण नाव आधी ठरवावे. कर्नाटकात जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि नाव नंतरही घालता येते. नेदरलँड्समध्ये मात्र तीन दिवसांत, आणि तीही जिथे बाळ जन्मले त्याच नगरपालिकेत, नावासह नोंद करावी लागते. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून हवे असेल तर ते त्याच वेळी बाळाच्या नावांमध्ये लिहून घ्यावे, नाहीतर डच दाखला आणि भारतीय पासपोर्ट यांचा मेळ बसत नाही.

बाळंतपण बहुधा नीट पार पडते. माणसे अडकतात ती कागदांत, आणि सीमाभागातील माणसे जरा अधिकच. आपल्या विवाहाची नोंद तिथल्या नगरपालिकेत झालेली आहे ना, हे आजच पाहावे. ती नसेल तर वडील म्हणून आपले नाव आपोआप लागत नाही, त्यासाठी वेगळी कबुली द्यावी लागते. विवाहाच्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, हवा आणि त्याआधी ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याचे प्रमाणीकरण हवे. पत्नीचा जन्मदाखला कर्नाटकातील आणि लग्न कोल्हापुरात झालेले असेल, तर एक कागद बेंगळुरूच्या वाटेने आणि दुसरा मुंबईच्या वाटेने जातो. दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे. इंग्रजी दाखल्याला त्याची गरज नसते. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाल्याने जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी असते. जिल्हा म्हणून ते आपल्याही कागदांवर येते, त्यामुळे कोणी विचारलेच तर दाखवायला नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जवळ ठेवावी.

नागरिकत्वाविषयी गैरसमज नसावा. आई-वडील दोघेही भारतीय असताना केवळ तिथे जन्मल्याने बाळ डच होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार जन्मापासून एक वर्षाच्या आत हेग येथील भारतीय दूतावासात नोंदणी करावी. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. त्यानंतर पासपोर्ट, मग निवासपरवाना. बाळाला आरोग्यविम्यातही चार महिन्यांच्या आत दाखल करावे, त्याचा हप्ता पडत नाही. क्षयाची बीसीजी लस तिथे सर्व मुलांना दिली जात नाही, पण भारतासारख्या देशांतून आलेल्या पालकांच्या मुलांना देतात. ती बाल आरोग्य केंद्रात मागून घ्यावी.

प्रश्न : सुनेच्या बाळंतपणासाठी जाताना डिंक, अळीव, बाळगुटी, वेखंड आणि बेळगावचा कुंदा नेता येईल का? बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी मिळेल का?
– एक सासूबाई, बेळगाव

उत्तर : डिंक, सुंठ, ओवा, बाळंतशोपा बंद पाकिटांतून न्याव्यात. अळीव तिथल्या भारतीय दुकानांत मिळते. शेगडी आणि धुरी मनातून काढून टाकावी. बंद घरात कोळशाचा धूर बाळाला घातक असतो, शिवाय १ जुलै २०२२ पासून तिथे प्रत्येक घरात धूर ओळखणारे यंत्र बंधनकारक आहे आणि ते कर्कश वाजते. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते. बाळगुटी आणि वेखंड इथेच राहू द्यावे, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप आणि कुंदा विमानतळावर काढून घेतील. तूप तिथल्या लोण्याचे घरी कढवता येते. बाळ पाहायला येणाऱ्यांना तिथे साखरेत घोळवलेली बडीशेप पसरलेले टोस्ट देतात, मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे आणि मुलगा झाला तर निळे-पांढरे. ते कोणत्याही किराणा दुकानात मिळतात.